पॅटर्न मेस्त्रींना इंजिनिअरांच्या संस्थेचा पुरस्कार मिळेल का?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, डिझाइन बघणाऱ्या तरुण इंजिनिअरचा हा प्रश्न आहे. त्यांच्याकडचे पॅटर्न मेस्त्री, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने बनवणारे कारागीर, ज्यांना अख्खं शॉप मामा म्हणतं, आता सत्तरीला आलेत. शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंत. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीत तेल फिरायच्या ज्या आतल्या वाटा असतात, त्या पोकळ राहाव्यात म्हणून साच्यात बसवतात त्या वाळूच्या गाभ्याची, म्हणजे कोअरची, बैठक (कोअर प्रिंट) आणि गॅस बाहेर पडायचा मार्ग (व्हेंट) मामांनी बदलला. वाटेत वाळू चिकटल्यामुळे किंवा गॅस अडकून पडणाऱ्या भोकांमुळे (ब्लोहोल) जो माल भंगारात जायचा, तो निम्म्याहून कमी झाला. तीच पद्धत पुढे इतर गिऱ्हाइकांच्या मालालाही लागू पडली. आता मालकांच्या मनात आहे की मामांचं नाव कुठेतरी मोठ्या ठिकाणी लागावं. इंजिनिअरांच्या संस्था असे सन्मान ठरवतात कसे, डिग्री नसलेल्या माणसाला ते मिळतात का, आणि दिल्लीहून कसल्याशा ‘रत्न’ पुरस्काराचा फोन आलाय तो घ्यावा का, असं विचारलंय.

फोनचं आधी सांगतो, कारण ते लवकर संपतं. नका घेऊ. पुरस्कार आधी जाहीर, काम नंतर विचारणार, आणि मध्ये ‘टेबल’, ‘स्मरणिकेतली जाहिरात’ किंवा ‘नोंदणी’ या नावाखाली पैसे, असा मामला असेल तर ती विक्री आहे. निवड समितीत कोण बसतं, निकष काय, मागच्या वर्षी कुणाला आणि कशाबद्दल मिळाला, हे तीन प्रश्न फोनवरच विचारा. बहुतेक वेळा फोन तिथेच ठेवला जातो. एक मात्र लक्षात असू द्या. नुसती फी आहे म्हणून पुरस्कार खोटा ठरत नाही. काही उद्योग संघटना कारखाना तपासायला माणसं पाठवतात आणि त्याचा खर्च अर्जदाराकडून घेतात. तिथे फी भरून नापास होता येतं. दिल्लीच्या फोनवाल्याकडे नापास व्हायची सोय नसते.

आता मुख्य मुद्दा. व्यावसायिक संस्थांचे सन्मान बाहेरून सगळे सारखेच दिसतात. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, फोटो. आत मात्र तीन अगदी वेगळे प्रकार आहेत, आणि आपल्याकडच्या बऱ्याच फायली चुकीच्या दारात जाऊन पडतात.

पहिला प्रकार सभासदाच्या दर्जाचा. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया) ही संस्था १९२० सालची, १९३५ मध्ये तिला रॉयल चार्टर मिळाला, मुख्य कचेरी कोलकात्यात आणि केंद्र आपल्या बेळगावातही. तिथे असोसिएट, मेंबर, फेलो अशा पायऱ्या आहेत. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या जगात आय ट्रिपल ई (IEEE) ही संस्था. ती १९६३ मध्ये दोन जुन्या अमेरिकन संस्था एकत्र होऊन झाली. तिच्यात सीनिअर मेंबर व्हायला या पेशात किमान १० वर्षं लागतात. फेलो ही त्याच्या वरची पायरी, आणि तिथे एका वर्षात मतदार सभासदांच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त लोकांना घेतच नाहीत. म्हणजे हजारात एक. शिवाय स्वतःचं नाव स्वतः सुचवता येत नाही. दुसऱ्याने सुचवायचं, आणि त्या विषयातल्या जाणकारांनी पत्रं लिहायची. हा रस्ता मामांचा नाही. या पायऱ्यांना पदवी किंवा तिच्या बरोबरीची पात्रता लागते आणि ते योग्यही आहे. तो पेशातला दर्जा आहे, कौतुकाची थाप नव्हे. त्यावरून वाईट वाटून घेऊ नका.

दुसरा प्रकार कामगिरीच्या पदकांचा. एखादा शोध, एखादं डिझाइन, एखादा पेपर. सगळ्यात वरती आय ट्रिपल ईचं मेडल ऑफ ऑनर, १९१७ पासूनचं. २०२५ पासून त्याची रक्कम २० लाख डॉलर केली आहे. सगळ्यात खाली एखाद्या शाखेचं ‘उत्कृष्ट पेपर’ प्रमाणपत्र, ज्याची रक्कम पेट्रोललाही पुरत नाही. पण निवडायची पद्धत दोन्हीकडे एकच: केलं काय, आधी काय होतं, नवीन काय आणि त्याचा उपयोग कुणाला झाला. या पदकांची खरी ताकद रकमेत नाही, ती ठरवणारे लोक तेच काम करणारे असतात यात आहे.

याचं माझं आवडतं उदाहरण एडविन आर्मस्ट्राँग यांचं. मेडल ऑफ ऑनर सगळ्यात पहिल्यांदा मिळालं ते त्यांना, रेडिओतल्या रिजनरेटिव्ह सर्किटसाठी, म्हणजे कमजोर सिग्नल पुन्हा फिरवून मोठा करणाऱ्या जोडणीसाठी. पुढे त्याच सर्किटच्या पेटंटवरून दुसरे संशोधक ली डी फॉरेस्ट यांच्याशी वर्षानुवर्षं कोर्टबाजी चालली आणि १९३४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल डी फॉरेस्टच्या बाजूने दिला. आर्मस्ट्राँग पदक परत करायला संस्थेच्या अधिवेशनात गेले. संस्थेने ते घेतलं नाही. हे काम तुमचंच आहे असं आम्ही मानतो, पदक तुमच्याकडेच राहील, असं सगळ्यांसमोर सांगितलं. कोर्ट कागद बघून निकाल देतं. ही माणसं सर्किट बांधून बसलेली होती. मामांच्या फाइलमध्ये आमदारांच्या पत्रापेक्षा दुसऱ्या फौंड्रीतल्या मेथड्स इंजिनिअरचं, म्हणजे ओतकामाची पद्धत ठरवणाऱ्याचं, पत्र का वजनदार ठरतं, ते यावरून कळेल.

तिसरा प्रकार आपल्या भागात जवळपास कुणालाच माहीत नाही. त्यात माणसाचा नाही, कामाचा आणि जागेचा सन्मान होतो. आय ट्रिपल ई ‘माइलस्टोन’ देते, १९८३ पासून. मेकॅनिकलवाल्यांची अमेरिकन संस्था, १८८० सालची एएसएमई, ‘लँडमार्क’ देते. माइलस्टोनसाठी काम किमान २५ वर्षांपूर्वीचं असावं लागतं आणि ते नुसत्या गावापुरतं नाही, व्यापक महत्त्वाचं आहे हे दाखवावं लागतं. मग त्या ठिकाणी ब्राँझची पाटी बसते, मजकूर ७० शब्दांच्या आत. भारतातल्या पहिल्या पाट्या २०१२ मधल्या, कोलकात्याच्या: जगदीशचंद्र बोस यांच्या मिलिमीटर लहरींच्या प्रयोगांची आणि रामन परिणामाची. बोस यांचे प्रयोग १८९४ ते १८९६ या काळातले, म्हणजे पाटीला शंभरावर वर्षं लागली. आपल्याला जवळची म्हणजे नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, पाटी २०२० मधली. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या माणसांनी पत्र्याऐवजी तारेची जाळी दोरांच्या सांगाड्यावर ताणून त्या हलक्या आणि स्वस्त केल्या. दुर्बीण मोठी आहे म्हणून पाटी मिळाली असं नाही. अँटेनाचं डिझाइन, रिसीव्हर आणि ऑप्टिकल फायबरवरून सिग्नल आणणं, यात नवीन काय केलं ते शब्दांत मांडता आलं.

आपल्याकडे कुणी हे दार ठोठावायचं म्हटलं तर गोकाकचं नाव सगळ्यात आधी निघतं. घटप्रभेच्या धबधब्यावर १८८७ मध्ये वीज निघाली, देशात पहिली, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. दार्जिलिंगच्या सिद्रापोंगचं जलविद्युत केंद्र १८९७ चं, शिवनसमुद्र १९०२ चं. मग गोकाकला पाटी का नाही? असा अर्ज तपासायला माझ्या हातात आला तर माझा पहिला प्रश्न: ‘पहिली’ म्हणजे काय पहिलं? पाण्याच्या टर्बाइनने थेट गिरणीची यंत्रं फिरवणं वेगळं. त्याच पाण्यावर डायनामो लावून गिरणीत दिवे पेटवणं वेगळं. आणि केंद्र उभारून ती वीज गावाला देणं आणखी वेगळं. तिन्हींचं साल निराळं असू शकतं, आणि प्रत्येकाला त्या काळचा कागद लागतो. यंत्राची ऑर्डर, बोटीची पावती, कंपनीचा वार्षिक अहवाल, सरकारी इन्स्पेक्टरचा शेरा. ‘सगळे सांगतात’ याला समितीत किंमत शून्य. दर्जेदार संस्था अर्जातला ‘पहिला’ हा शब्द दिसला की लगेच थांबतात, कारण एकदा ब्राँझमध्ये ओतलेली चूक शंभर वर्षं टिकते. बेळगावच्या एखाद्या कॉलेजच्या मुलांनी हा गोकाकचा कागद शोधायचं प्रोजेक्ट घ्यावं, असं मला फार वाटतं. पण ते निराळं प्रकरण.

उलट उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, १८६९. बेळगावात १८८८ मध्ये सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी. लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी नांगराला हात लावत नव्हते, हे आज आपण बारीकसारीक तपशिलासह सांगू शकतो. कारण त्या घराण्याने लिहून ठेवलं, १९२० पासून ‘किर्लोस्कर खबर’ छापली, हिशेब जपले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. त्याच काळात बेळगाव, शहापूर, खानापुरात काय काय घडवलं गेलं असेल, त्याची यादी करायला बसलात तर एक पानही भरणार नाही. माणसं नव्हती असं मी मानत नाही.

आता मामा. त्यांच्यासाठी माझ्या डोळ्यांसमोर दोन दारं आहेत, आणि एक तिसरं, ज्याचा मोह होईल पण जे बहुधा उघडणार नाही.

तिसरंच आधी. अहमदाबादकडचं नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन, २००० सालचं, केंद्राच्या विज्ञान खात्याच्या मदतीने चालणारं. शिक्षण, संस्था, पगार यांपैकी कशाचाही आधार नसताना स्वतःच्या डोक्याने काही केलेल्या माणसांना ते शोधतं. शेजारच्या धारवाड जिल्ह्यातल्या अण्णिगेरीचे अब्दुल खादर नडकट्टीन यांनी शेतीची अवजारं बनवली, चिंचेतल्या बिया काढायचं यंत्र केलं, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इंजिनिअरिंगची डिग्री नसताना. मामांचं काम मात्र कारखान्याच्या पगारावर, कारखान्याच्या वाळूवर आणि कारखान्याच्या भट्टीवर झालंय. ‘बिनआधाराचं काम’ या चौकटीत ते बसवणं कठीण. अर्ज करायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

पहिलं खरं दार फौंड्रीवाल्यांच्या स्वतःच्या संस्थेचं. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेन, १९५० सालची. तिची शाखा बेळगावात आहे आणि कोल्हापुरातही. बंगळूर आपल्यापासून ५०० किलोमीटर, कोल्हापूर ११०. ज्याला रिजेक्शनचं दुखणं माहीत आहे असा माणूस या पट्ट्यात जितका भेटेल तितका राजधानीत भेटणार नाही. थेट पुरस्कार मागायला जाऊ नका. मामांच्या कामावर पेपर तयार करा, लेखक म्हणून त्यांचं नाव पहिलं आणि तुमचं दुसरं, आणि तो शाखेच्या बैठकीत मांडा. तिथे लोक उठून प्रश्न विचारतील. वाळूतला ओलावा किती, वाळू धरून ठेवणारा बाइंडर कोणता, ओततानाचं तापमान किती, कोअर हलला नाही हे कशावरून. जे टिकेल ते वर वार्षिक अधिवेशनाला, म्हणजे फौंड्री काँग्रेसला, पाठवा. असा पेपर हाताशी असला की पुढच्या कुठल्याही पुरस्काराचा निम्मा अर्ज झाल्यासारखाच.

दुसरं दार सरकारचं आहे, संस्थेचं नाही, पण मामांच्या मापाचं: विश्वकर्मा राष्ट्रीय पुरस्कार. केंद्रीय श्रम मंत्रालयाची १९६५ पासूनची योजना, आधी श्रमवीर नावाने होती. कारखान्यातल्या कामगाराने केलेल्या सूचनेमुळे उत्पादन, सुरक्षितता किंवा गुणवत्ता वाढली तर त्यासाठी. तिथे डिग्री विचारत नाहीत. सूचना अमलात आली का आणि फायदा किती झाला ते विचारतात. अडचण एकच. वीस वर्षांपूर्वीच्या सूचनेला तिथे वाव कमी. मामांनी अलीकडे काही बदल केला असेल तर तो शोधून काढा. असे मेस्त्री थांबलेले नसतात, त्यांना फक्त तो बदल ‘सांगण्यासारखा’ वाटलेला नसतो.

फाइल भरताना सगळ्यात जास्त घोटाळा कुठे होतो तर ‘कोणी केलं’ या रकान्यात. निवड समितीवर बसलो की अशा फायली ढिगाने दिसतात. कंपनी कधी सुरू झाली, किती टन माल, किती देशांत निर्यात, मालकांचा परिचय अडीच पानं, आणि ज्याच्यासाठी अर्ज तो माणूस शेवटच्या परिच्छेदात. ती फाइल पुरस्काराची राहत नाही, माहितीपत्रक होते. आम्ही तीन गोष्टी हुडकत असतो. बदलाच्या आधीचा आकडा आणि नंतरचा, तोही एका महिन्याचा नव्हे, निदान वर्षभराचा. तो आकडा नेमका या बदलानेच आला, भट्टी बदलली म्हणून किंवा वाळूचा पुरवठादार बदलला म्हणून नाही, याचा पुरावा. आणि कल्पना कुणाची, ती करून कुणी पाहिली, पैसे कुणी घातले, हे वेगवेगळं लिहिलेलं. मालकांनी जोखीम घेतली असेल तर तेही लिहा. त्याने मामा लहान होत नाहीत, उलट समितीला वाटतं की लिहिणारा प्रामाणिक आहे.

आणि हे सगळं शेवटी एका वाक्यात यायला हवं. प्रत्येक संस्था ते मागते, कारण तेच प्रमाणपत्रावर छापलं जातं. ‘फौंड्री क्षेत्रातील ४० वर्षांच्या बहुमोल सेवेबद्दल’ असं लिहिलंत तर तो निवृत्तीचा निरोप समारंभ झाला. ‘हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बॉडीच्या ओतकामात कोअर प्रिंट आणि व्हेंटची नवी मांडणी करून आतल्या वाटांमधले दोष कमी केल्याबद्दल’ असं लिहिलंत तर वाचणारा मान वर करून पुढचं पान उलटतो. पंधरा सप्टेंबरला, विश्वेश्वरय्यांच्या जन्मदिनी, आपल्याकडे किती सत्कार होतात ते तुम्हाला माहीत आहेच. मच्छेला त्यांच्या नावाचं विद्यापीठ, त्यामुळे आपला उत्साह जरा जास्तच. त्या भाषणांत त्यांना महान, द्रष्टे वगैरे म्हणतात. पण १९०३ मध्ये खडकवासल्याला पुराचं पाणी ठरावीक पातळीपर्यंत अडवून मग आपोआप उघडणारी दारं त्यांनी बसवली, हे वाक्य व्यासपीठावरून क्वचितच ऐकू येतं. पुरस्काराला ते दुसरं वाक्य लागतं.

एक सावधगिरी, जी लोकांच्या लक्षात उशिरा येते. या कामात काही नवं असेल आणि पेटंटचा विचार असेल, तर पेपर वाचण्याआधी पेटंट वकिलाला विचारा. छापून झालेली गोष्ट नवी राहत नाही. १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३१ नुसार शोध लावणाऱ्याने विद्वत्संस्थेपुढे वाचलेल्या पेपरसाठी १२ महिन्यांची सवलत आहे, पण सवलत आहे म्हणून आधी बोलून मोकळं व्हावं असं नाही, शिवाय परदेशात ती चालेलच असं नाही. मामांची जुनी मांडणी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांच्या मालात वापरात आहे, तिच्याबाबत पेटंटचा विषय जवळपास संपल्यात जमा. आणि गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग त्यांच्या लेखी परवानगीशिवाय फाइलला जोडू नका. पुरस्कार मिळाला आणि ऑर्डर गेली, तर मालक मामांकडे कोणत्या नजरेने बघतील ते सांगायला नको.

भाषेची काळजी करू नका. मामांच्या वह्या मराठीत, रजिस्टर कदाचित कन्नड-इंग्रजी मिसळलेलं, अर्ज इंग्रजीत. चालतं. मूळ पानाचा फोटो आणि खाली तुमचं इंग्रजी, एवढं पुरे. हाताने लिहिलेलं तारखेसह पान समितीला छापील तक्त्यापेक्षा जास्त खरं वाटतं.

मामांना आधी सांगावं का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. मोठ्या संस्थांमध्ये उमेदवाराला कळू न देता नाव सुचवायची पद्धत आहे, नाही मिळालं तर वाईट वाटू नये म्हणून. इथे ते जमणार नाही, कारण निम्मी माहिती त्यांच्या डोक्यात आहे. सांगा, पण ‘पुरस्कारासाठी’ म्हणून नव्हे, ‘पेपर लिहितोय, मला समजावून सांगा’ म्हणून. फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि जुना कोअरबॉक्स (कोअर घडवायचा साचा) समोर ठेवा. जे नुसत्या गप्पांत निघत नाही, ते तो बोलायला लावतो. जुने सागवानी पॅटर्न माळ्यावर पडलेले असतील तर दिवाळीच्या साफसफाईआधी हे उरकून घ्या. आपल्याकडे ते बंबात जातात.